आतून वाळलेलं लाकूड

वखारीत येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ओलं नाही ना?" जणू मी इतकी वर्षं ओलं लाकूड विकायलाच इथे बसले आहे आणि कुणी विचारलं की लगेच कबूल करणार आहे, "ओलंच आहे दादा, मुद्दाम तुमच्यासाठी भिजवून ठेवलंय."

नगरकडच्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. आमचे मालक टेम्पो चालवतात आणि मी तोंड चालवते, अशी वाटणी लग्नानंतर लवकरच झाली आणि ती दोघांनाही मानवली. माझं माहेर काष्टीचं. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा पितो आणि जातो. सासरी अकोल्यात तो घरजावयासारखा मुक्काम ठोकतो. लाकडाच्या धंद्यात हा फरक फार मोठा.

आमची जुनी गिऱ्हाइकं तीन जातीची. लग्नातले आचारी लाकडाला शिव्या देतात, कारण वरण करपलं की कुणाला तरी द्यायलाच हव्यात. ढाबेवाले शिव्या देत नाहीत. ते 'चुलीवरची भाकरी' असा बोर्ड लावतात, आत गॅस पेटवतात आणि बाहेर मांडून ठेवायला माझे चार ओंडके घेऊन जातात. सगळ्यात सज्जन गिऱ्हाईक अंत्यविधीचं. तिथे कुणी घासाघीस करत नाही आणि माल आवडला नाही म्हणून परत आणत नाही.

मग आमच्या डोंगरात बंगले उगवले आणि चौथी जात आली. ही माणसं थंडी अनुभवायला म्हणून इकडे येतात आणि आल्या आल्या ती घालवायच्या मागे लागतात. त्यासाठी घरात लाकडाचा हीटर बसवतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक जाड लोखंडी पेटी असते, पुढे काचेचं दार, मागून एक नळी छपरातून बाहेर जाते. आत लाकूड पेटतं, पेटी तापते, खोली उबदार होते आणि धूर नळीतून वर जातो. जातो म्हणजे, लाकूड वाळलेलं असेल तर जातो. नसेल तर घरातच पाहुणा राहतो. चुलीला ओलं-सुकं चालून जातं. बाई फुंकते, डोळे पुसते, सासूच्या नावाने बोटं मोडते आणि स्वयंपाक होतो. हीटर एवढा सोशीक नाही.

पहिला हीटर मी पाहिला तो पुराणिकांकडे. पुराणिक साहेब नगरला विम्याच्या कचेरीत होते, निवृत्त झालेले. त्यांच्या मिसेस सुधाबाई बेलापूरच्या शाळेत शिक्षिका होत्या. बाईंना जुना दमा. शहरातल्या धुळीने त्या बेजार झाल्या होत्या आणि डोंगरात राहायची त्यांची आयुष्यभराची इच्छा होती. म्हणून धरणाच्या अलीकडे एक छोटं घर बांधलं. पण आमची थंडी कोरडी नाही. गारठा भिंतीतून येतो, गादीत शिरतो. पहिल्याच हिवाळ्यात बाईंना छातीने सतावलं. तेव्हा पुण्याच्या मुलाने, निखिलने, हा हीटर घेऊन दिला आणि सोबत एक अटही दिली. पुढच्या हिवाळ्यात आईला त्रास झाला तर घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. मुलगा वाईट नव्हता. त्याला आई जिवंत हवी होती आणि फ्लॅटमध्ये हवी होती, एवढंच.

मी माल विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "मंदाबाई, आम्हाला विकतचं लाकूड लागणार नाही. आमचं स्वतःचं आहे."

आवारातल्या निलगिऱ्या धरणाच्या आड येत होत्या, म्हणून साहेबांनी त्या पावसाच्या तोंडावर पाडल्या होत्या. आता धरणही दिसणार होतं आणि जळणही मिळणार होतं. एका दगडात दोन पक्षी, असं ते स्वतःच म्हणाले. ओंडके अखंडच होते. घराच्या मागच्या भिंतीला चिकटवून, थेट मातीवर रचलेले, आणि वरपासून खालपर्यंत निळ्या ताडपत्रीत घट्ट बांधलेले. दोरीच्या गाठीसुद्धा सरकारी पार्सलसारख्या.

"साहेब, हे काय केलंत?"

"पाणी आत जाऊ नये म्हणून."

"बाहेरचं पाणी आत जाणार न्हाई, खरं हाय. पण आतलं बाहेर कुठून येणार? ह्याचं तुमी लोणचं घातलंय."

साहेब दुखावले. मग मी माझ्या परीने समजावलं. पाडलेल्या झाडाच्या पोटात पाणी असतं. ते सालीतून नीट निघत नाही, फोडलेल्या अंगातून निघतं. म्हणून आधी फोडायचं, मग रचायचं. विटांवर किंवा फळ्यांवर रचायचं, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात. भिंतीपासून हात-दीड हात सोडून, वारा येतो त्या अंगाला. डोक्यावर पत्रा, पण बाजू उघड्या. आणि मग वाट बघायची. मऊ लाकडाला एक कडक उन्हाळा पुरतो, बाभळीसारख्याला दोन मिळाले तर सोन्याहून पिवळं. एवढं सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की ही बाई आपला माल खपवायला बोलतेय. त्यात त्यांची चूक नाही. मी माल खपवायलाच गेले होते.

त्यांनी खिशातून एक यंत्र काढलं. पुढे दोन सुया, लाकडात खुपसल्या की ओल किती ते दाखवतं. ताडपत्रीचा एक कोपरा उचलून त्यांनी सुया ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला लावल्या आणि आकडा मला दाखवला. "बघा. वाळलंय."

सुधाबाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. अंगावर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी, पायात मोजे. पाऊस नुकता संपला होता, ऊन चांगलं पडलं होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो, टोकाला काय मोजता? फोडून मधे मोजा."

"पुस्तिकेत असं काही लिहिलेलं नाही."

"लिहिलंय. पान उलटा."

पान उलटलं. लिहिलं होतं. आमच्या मालकांनी टेम्पोतली कुऱ्हाड आणून एक ओंडका मधोमध फोडला. आत पांढरट, ओलसर, हाताला गार. साहेबांनी सुया टोचल्या आणि यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बॅटरी उतरली असेल."

निघताना बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. ताडपत्रीकडे बघून म्हणाल्या, "लाकडाचं काय घेऊन बसलात, मंदाताई. मलाही असंच बांधून ठेवलंय त्यांनी." असं म्हणून हसल्या आणि हसताना खोकला लागला.

त्या हिवाळ्यात मी पुढच्या रिसॉर्टला माल टाकायला जायची तेव्हा पुराणिकांच्या नळीकडे बघायची. वाळलेल्या लाकडाचा धूर पहिला थोडा वेळ दिसतो, मग नुसती वरची हवा थरथरते. ह्यांच्या नळीतून सकाळ-संध्याकाळ गुऱ्हाळासारखा जाड धूर. हीटरचं काचेचं दार काळं कुळकुळीत. साहेब म्हणायचे, "निलगिरीचा धूर औषधी असतो." मी म्हणायचे, "व्हय, औषध म्हणून जरा जास्तच होतंय."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आमचा टेम्पो तिथून जात होता. थंडी अशी की दवाचं पाणी टपावरून ठिबकत होतं. बाई घराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर-खाली होत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. दारातून धूर बाहेर येत होता. मी आत गेले. गार वारा येऊ नये म्हणून साहेबांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि लाकूड जास्त वेळ टिकावं म्हणून नळीची झडपही अर्धी मिटली होती. स्वतः हीटरसमोर गुडघ्यावर बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मला म्हणाले, "होईल. आत्ता पेटेल. ती बाहेर गारठतेय, तिला आत बोलवा."

त्या माणसाला मी तोवर पुष्कळ टोमणे मारले होते. त्या वेळी एकही सुचला नाही.

मी खिडक्या उघडल्या. आमच्या मालकांनी बाईंना उचलल्यासारखं करून टेम्पोच्या केबिनमध्ये बसवलं, साहेब मागे लाकडांवर बसले, आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. मालक घाटात एरवी बैलगाडीच्या चालीने जातात. त्या दिवशी वळणावर मीच डोळे मिटले. बाईंना वाफेचं औषध लावलं, सुई दिली. दुपारपर्यंत श्वास खाली बसला. साहेब कॉटच्या पायथ्याशी उभे होते, कपाळावर काजळीचा पट्टा. कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही पुसला नाही.

संध्याकाळी निखिल आला. त्याने आरडाओरडा केला नाही, ते जास्त कठीण होतं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, ठरलं होतं ना आपलं?" आणि साहेब म्हणाले, "हो." विम्याच्या माणसाला अटी पाळायची सवय असते.

सुधाबाईंनी मला हाताने जवळ बोलावलं. "मंदाताई, तुमच्याकडे खरंच वाळलेलं लाकूड आहे?"

आता गंमत बघा. हा प्रश्न मला हजार जणांनी विचारला असेल आणि प्रत्येकाला मी बिनदिक्कत 'हो' म्हटलं. त्या दिवशी 'हो' तोंडातून निघेना. माझ्या शेडमधलं लाकूड चुलीला उत्तम होतं. ह्या पेटीला, ह्या छातीला, ते पुरेसं नव्हतं. तसल्या पावसानंतर अख्ख्या अकोल्यात कुणाकडे नव्हतं.

"माझ्याकडं न्हाई," मी म्हटलं. "पण माझ्या भावाकडं हाय. काष्टीला. बांधावरची बाभूळ, फोडून उघड्या माळावर पडलीय. दोन उन्हाळे खाल्लेत तिनं."

"मग आणा. निखिल, परवापर्यंत थांब. पेटली नीट तर मी राहते. नाही पेटली तर गाडीत बसते. ही माझी अट."

निखिलने आईकडे पाहिलं. वर्गात पंचेचाळीस पोरं गप्प करणारी बाई होती ती. तो थांबला.

अडचण एवढीच की भावाने, दत्तूने, ते लाकूड पोरीच्या लग्नासाठी राखलं होतं. लग्न तोंडावर आलेलं. मी फोन केला.

"दत्तू, बाभूळ पायजे."

"कंची बाभूळ?"

"माळावरची."

"ती लग्नाची हाय, आक्का. तुझी वखार हाय ना? का आता माहेरची सरपणं नेऊन इकायला लागलीस?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसत्या शेळ्या ओरडत होत्या. मग दत्तू म्हणाला, "मास्तरीणबाई हाय म्हणतीस? दम्याची?"

"व्हय."

"ने मग. पर जेवन गॅसवर व्हईल, आन पंगतीत कुनी नाव ठेवलं तर म्या तुझ्याकडं बोट दावनार."

मालक पहाटेच निघाले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून थेट पुराणिकांकडे आले; तोवर बाईही दवाखान्यातून घरी आल्या होत्या. ते लाकूड मी हातात घेतलं आणि माहेर आठवलं. दिसायला जाड, उचलायला हलकं. टोकांना चांदणीसारख्या भेगा. साल बोटाने सुटत होती. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजायचे. ओलं लाकूड बदबद वाजतं, पाण्याने भरलेल्या हंड्यासारखं. हे कळायला सुयांचं यंत्र लागत नाही, कान लागतो. पण साहेबांनी यंत्र आणलंच. तुकडा फोडला, मधे सुया टोचल्या आणि यंत्र खिशात ठेवलं. बॅटरीबद्दल काही बोलले नाहीत.

आधी नळी साफ करायची होती. ओल्या लाकडाचा धूर वर जाताना थंड होतो आणि नळीला आतून डांबरासारखा चिकटतो. तो थर साचला की धुराला वाट उरत नाही, आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. निखिल छपरावर चढला, दोरीला गोणपाट बांधून वरखाली ओढलं. खाली साहेब घमेलं धरून बसले. जे पडलं ते बघून निखिल वरून म्हणाला, "बाबा, हे सगळं आईच्या छातीत चाललं होतं."

मला वाटलं, हे बोलायला नको होतं. साहेबांनी घमेलं उचललं आणि शेवग्याच्या बुंध्यापाशी नेऊन ओतलं.

हीटर सुधाबाईंनी पेटवला. कुणाला हात लावू दिला नाही. झडप पूर्ण उघडली, समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवली, खाली बारीक काटक्या, वर दोनच तुकडे. शाळेत फळा पुसून तारीख घालतात तशा शांतपणे त्यांनी काडी लावली. ज्वाळ उठली ती सरळ. कडकड आवाज आला, पण शूं शूं नाही, टोकांना फेस नाही. काच स्वच्छ राहिली. थोड्या वेळाने बाईंनी कानटोपी काढली. मग शाल. मग स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. साहेबांचा हात सवयीने शालीकडे गेला आणि मागे आला.

निखिल बाहेर जाऊन नळीकडे बघून आला. "धूर दिसतच नाहीये," तो म्हणाला, जणू ही तक्रारच होती. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुण्याला गेला.

दत्तूच्या पोरीचं लग्न गॅसवर झालं. वरण पातळ झालं, त्याचा गॅसशी काही संबंध नव्हता, पण काष्टीच्या बाजाराला गेले की अजून कुणी ना कुणी विचारतं, "आक्का, वरणाचं सरपन कुठं गेलं?" माझ्या भाचीच्या लग्नात मी आहेर केला तो कुणाला आठवत नाही. नेला तो आठवतो.

साहेब मात्र त्या दिवसापासून बदलले. ताडपत्री सोडली. आत ओंडक्यांवर पांढरी बुरशी आणि खाली वाळवीची मातकट वारुळं. जे वाचलं ते त्यांनी स्वतः फोडायला घेतलं. आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. पहिल्यांदा कुऱ्हाड अशी धरली की मालकांनी टेम्पो लांब नेऊन लावला. पण माणूस हट्टी. आधी अज्ञानाचा हट्ट होता, आता शिकायचा. विटा आणल्या, पत्रा ठोकला, भिंतीपासून हातभर सोडून थप्पी रचली. मग शेजाऱ्यांच्या बांधावरची सुबाभूळ मागून आणली, ती फोडली. पुढच्या वर्षी आणखी. जुनं पुढे, नवं मागे, अशा रांगा. मी जाता-येता म्हणायची, "साहेब, माझं दुकान बंद करायचा इचार हाय का?" ते म्हणायचे, "तुम्हीच शिकवलंत." एक चांगलं गिऱ्हाईक मी असं स्वतःच्या तोंडाने घालवलं. बाकीच्यांना मी तेव्हापासून शिकवत नाही, नुसतं लाकूड देते.

पुढच्या दोन हिवाळ्यांत सुधाबाईंना दवाखाना लागला नाही. तिसऱ्याच्या आधी, भाद्रपदात, साहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्यासाठी लाकूड आमच्याच वखारीतून गेलं. मी प्रत्येक तुकडा वाजवून घेतला. सज्जन गिऱ्हाईक असतं हे, मी वर म्हटलंच आहे. पण त्या दिवशी मी काही विकलं नाही.

तेराव्यानंतर निखिल आईला न्यायला बसला होता. मीही होते. बाई म्हणाल्या, "येते. पण ह्यांनी एवढं रचून ठेवलंय, ते वाया कशाला घालवू? ते संपलं की येते."

निखिलने मागच्या अंगणात जाऊन थप्पी पाहिली. एका हिवाळ्यात, फार तर दोन हिवाळ्यांत, संपेल एवढी होती. हिशेब त्याला पटला. तो गेला.

आठवड्याभराने बाईंचा फोन आला. "मंदाताई, एक टेम्पो बाभूळ पाठवा. चांगली. आणि मागच्या दाराने आणा."

आम्ही नेली. बाईंनी ती साहेबांच्या रांगांच्या मागे रचून घेतली, विटांवर, भिंतीपासून हातभर सोडून. थप्पीचं पुढचं तोंड होतं तसंच राहिलं. त्यातल्या एका लाकडालाही त्यांनी हात लावला नाही, अजून लावत नाहीत. रोज माझंच जळतं.

निखिल अधूनमधून मला फोन करतो. सरळ माणूस आहे, सरळच विचारतो, "मावशी, आईचं लाकूड किती उरलंय?"

मी म्हणते, "हाय बाबा अजून. लई रचून ठेवलंय त्यांनी."